शंभर हातांमागे सात पूर्णांक चार

भालचंद्र वऱ्हाडपांडे पिशवी घेऊन बरखेड्याच्या बाजारात शिरले की भाजीवाले आधी एकमेकांकडे बघायचे आणि मग वर आभाळाकडे. "पांडे जी आ गए. बोरी पलट दे रे." कारण भालचंद्ररावांना वरचे मटार चालत नसत. वरचे दाखवायला ठेवतात असं त्यांचं ठाम मत होतं. ते कोपरापर्यंत हात पोत्यात घालत, तळातल्या चार शेंगा, मधल्या चार आणि कडेच्या चार काढत, बाराही तिथेच सोलत, दाणे मोजत आणि मग मान हलवत. मान उभी हलली तर दोन किलो. आडवी हलली तर पुढचं दुकान. आणि कधीकधी मान हलायचीच नाही. ओठ तेवढे मिटायचे आणि तोंडातून एकच शब्द यायचा, "होल्ड." मग ते कांदे घ्यायला जायचे आणि परत येताना पुन्हा हात घालायचे.

"वऱ्हाडपांडे" हे आडनाव भोपाळात चाळीस वर्षांत एकालाही सबंध उच्चारता आलं नाही. वऱ्हाड गळून पडलं आणि पांडे जी उरले. सुरुवातीची दहा वर्षं त्यांनी लोकांना दुरुस्त केलं, मग नाद सोडला. आयुष्यात त्यांनी सोडून दिलेली ही बहुधा एकमेव दुरुस्ती.

नागपूरहून बाविसाव्या वर्षी ते कारखान्यात लागले ते तपासणी विभागात, आणि अडतीस वर्षांनी निवृत्त झाले तेही तपासणी विभागातूनच. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट आणि पिवळी म्हणजे होल्ड, पुरावा अपुरा, माल बाजूला ठेवा. इतर तपासनीस महिन्यात दोन पिवळ्या लावत, भालचंद्रराव दिवसाला दोन. त्यांचे मित्र शंकर मालवीय यांचं तेव्हा एक लहानसं वर्कशॉप होतं आणि ते कारखान्याला बोल्ट पुरवायचे. त्यांचा एक लॉट भालचंद्ररावांनी तीन महिने पिवळ्या चिठ्ठीवर ठेवला होता. लॉट शेवटी पास झाला, पण तोवर वर्कशॉप बंद पडलं होतं. तेच शंकरजी अजून रोज संध्याकाळी चहाला येतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "को खां, इनने अपना वर्कशॉप खा लिया, तो अपन इनकी चाय पी रिये हैं. हिसाब बराबर होने में अभी भोत साल लगेंगे."

क्वार्टर सोडून अवधपुरीत घर घेतल्यावर भालचंद्ररावांना तपासायला घरच उरलं. रत्नप्रभाबाईंच्या पोळ्या (वरची, मधली, तळातली), गॅसचं सिलिंडर, दुधाची घनता. फक्त एका गोष्टीत त्यांनी हात घातला नव्हता. ती म्हणजे मुलगा.

आशय एकोणतीस वर्षांचा. मंडीदीपला औषधांच्या पाकिटांच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. गेल्या नोव्हेंबरात त्याने नोकरी सोडली आणि वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला. काय करतो म्हणून विचारलं तर म्हणाला, "पोकर खेळतो, ऑनलाइन." रत्नप्रभाबाईंनी त्याच दिवशी मराठी मंडळात जाहीर करून टाकलं की आशय हल्ली घरून डेटाचं काम करतो. "डेटाचं म्हणजे कसलं गं?" या मंजूषाबाईंच्या प्रश्नाला त्यांनी "अगं, खूप असतो तो, दिवसभर चालतं" असं उत्तर दिलं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

भालचंद्ररावांनी सात महिने मुलाशी दोनच वाक्यं बोलायचा नेम ठेवला. सकाळी "उठलास?" आणि दुपारी "जेवलास?" दोन्हींना "हो" हेच उत्तर येई. मधल्या वेळात वरच्या खोलीतून माऊसचा आवाज यायचा. टिक... टिक. मोठा थांबा. टिक. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला जशी सवड असते, तसा.

जूनच्या एका दुपारी आशय लॅपटॉप काखेत घेऊन खाली आला. भालचंद्रराव वर्तमानपत्र वाचत होते. तो पुढ्यात उभा राहिला.

"बाबा, एक तपासून द्याल?"

दहावीच्या भूमितीनंतर मुलाने त्यांच्याकडे काही मागितलेलं त्यांना आठवेना. त्यांनी चष्मा वर सरकवला. "काय?"

"मला."

गोष्ट अशी होती की मंडीदीपहून त्याच्या जुन्या मॅनेजरचा, अरविंदजींचा, फोन आला होता. नवी लाइन सुरू होत होती आणि त्यांना आशय परत हवा होता. जुलैअखेरपर्यंत ते थांबणार होते. आशयला प्रश्न पडला होता की जावं की राहावं. म्हणजे आपण या खेळात खरंच चांगले आहोत, की सात महिने नुसतं नशीब चाललंय.

"मला स्वतःला ते ठरवता येत नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही पास म्हणालात तर मी राहतो. रिजेक्ट म्हणालात तर उद्यापासून मंडीदीप. पुढे एक शब्द बोलणार नाही."

भालचंद्ररावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. ऊर भरून आला की ते असंच काहीतरी करत.

"बस. पत्त्यांचाच ना खेळ?"

"हो. नो-लिमिट. म्हणजे समोर जेवढं असेल तेवढं सगळं एका डावात लावता येतं. मर्यादा नाही."

"मग तोट्यालाही मर्यादा नाही."

"समोर असेल तेवढाच तोटा, बाबा."

"मी तेच म्हणतोय. बरं, किती जिंकलास?"

"किती असं नाही विचारत. टेबल लहान असतं, मोठं असतं, आकडा फसवतो. प्रत्येक डावात पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने काहीतरी टाकायचं असतं. त्यातलं मोठं ते बिग ब्लाइंड. तेच माप धरायचं. शंभर हात खेळलो, म्हणजे शंभर डाव, तर किती ब्लाइंड वर राहिलो? तो माझा रेट."

भालचंद्रराव खुर्चीत पुढे सरकले. माप आहे! सात महिने ते समजत होते की वरच्या मजल्यावर जुगार चाललाय, आणि तिथे तर माप होतं.

"साइट आपलं काही कापून घेत असेल."

"घेते. रेक म्हणतात. तो जाऊन, निव्वळ सांगतोय."

"सांग."

"सात पूर्णांक चार."

"चांगला असतो का?"

"लोक म्हणतात, तीन-चार मिळाला तरी माणूस टिकतो. पाचच्या वर चांगला. दहा सांगणारा एकतर नवा असतो, नाहीतर खोटं बोलत असतो."

"लोक म्हणजे कोण?"

"खेळणारे."

"त्यांना कोणी तपासलंय?"

आशय हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. "कोणी नाही."

"किती हातांवर काढलास हा आकडा?"

"बासष्ट हजार."

स्वयंपाकघरात रत्नप्रभाबाईंच्या हातून भांडं पडलं. "बासष्ट हजार? अरे देवा! हात दुखत नाहीत का रे तुझे?"

"आणि पसारा?" भालचंद्रराव म्हणाले. "सरासरी कोणीही सांगेल. शंभराच्या एका गठ्ठ्यात आणि दुसऱ्या गठ्ठ्यात फरक किती पडतो ते सांग."

आशयने लॅपटॉप उघडला. त्यातल्या एका प्रोग्रॅममध्ये त्याचा एकेक हात नोंदलेला होता. पत्ते कोणते, लावले किती, सोडले कधी, आणि जिथे चुकला तिथे स्वतःच लिहिलेली टीप. "इथे घाई केली." "इथे राग आला होता." भालचंद्ररावांनी त्या टिपा सावकाश वाचल्या. अडतीस वर्षांत इतक्या प्रामाणिकपणे स्वतःच्या मालाचे दोष लिहिणारा एकही पुरवठादार त्यांनी पाहिला नव्हता.

"पसारा शंभर," आशय म्हणाला.

"सरासरी सात आणि पसारा शंभर? हे मशीन आहे की भूकंप?"

"असाच असतो, बाबा. सगळ्यांचाच."

भालचंद्ररावांनी आलेखाची वही काढली. ते गणित करताना मोठ्याने बोलत, आणि सुरात बोलत, पूर्वीच्या शाळेत पाढे म्हणत तसे. "बासष्ट हजाssर, म्हणजे शंभराचे सहाशेवीस गठ्ठे. सहाशेवीसचं वर्गमूळ चोवीस पूर्णांक नऊ. शंभर भागिले चोवीस पूर्णांक नऊ, आले चार. दुप्पट आठ. सात पूर्णांक चारात आठ मिळवा, पंधरा पूर्णांक चार. सात पूर्णांक चारातून आठ वजा..." इथे सूर थांबला.

"उणे शून्य पूर्णांक सहा," आशय हळूच म्हणाला.

"तुझा खरा रेट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. वरचं टोक सुंदर आहे. पण खालचं शून्याच्या खाली जातंय. म्हणजे तू मुळात हरणारा आहेस आणि सात महिने नशिबावर तरंगतोयस, ही शक्यता मला नाकारता येत नाही."

"नाकारा की!" आतून रत्नप्रभाबाई.

"अगं, मनाने नाकारून कसं चालेल? आकड्याने नाकारावं लागतं."

"मग काय?" आशयने विचारलं.

आता खरं सांगायचं तर भालचंद्ररावांना पास म्हणायचं होतं. मान उभी हलायला निघालीच होती. पण नेमकी तीच तर अडचण होती. एखादा लॉट मनातून आवडला की ते त्याला जास्त कडक लावत. आवडीचा माल सवलतीने सोडणारे तपासनीस त्यांनी पाहिले होते आणि त्यांची त्यांना शिसारी होती. आणि हा तर घरचा माल.

"होल्ड," ते म्हणाले.

मग उत्साहाने पुढचं पान उलटलं. "निराश होऊ नकोस. याच रेटने एक लाख हात झाले ना, तर बघ. हजार गठ्ठे, वर्गमूळ एकतीस पूर्णांक सहा. खालचं टोक एकाच्या वर येतं. म्हणजे पास! अडतीस हजारच राहिलेत. जुलैअखेरपर्यंत कर पुरे. आणि हे बघ, मधेच रेट बघायचा नाही. नमुना पुरा व्हायच्या आत निकाल डोकावून पाहिला की माणूस फेरफार करतो. मी विचारणार नाही, तू सांगायचा नाहीस. किती झाले तेवढंच सांगायचं."

"जुलैअखेरपर्यंत अडतीस हजार," आशय म्हणाला. त्याने मनात काहीतरी भागाकार केल्यासारखं दिसलं. "बरं."

आणि मग त्या घरात दीड महिना जे सुख नांदलं, तसं आधी कधी नांदलं नव्हतं. भालचंद्ररावांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणांशेजारी हातांचा आकडा लिहायला सुरुवात केली. जेवताना "आज किती?" आणि आशयचं "सहाशे पन्नास." रत्नप्रभाबाई वाढता वाढता म्हणत, "काल पाचशेच झाले होते ना रे? आज भात घे थोडा." मराठी मंडळात त्यांनी सांगितलं की आशयचं डेटाचं काम आता फार वाढलंय. सुमनताई देशकर म्हणाल्या, "आमच्या सौरभलाही लावा की चिकटवून." "विचारते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि घरी येऊन हसून हसून खाली बसल्या.

शंकरजींनाही कळलंच. चहाची बशी तोंडाला लावून ते म्हणाले, "तो मियां, छोरा पास हुआ के नईं?"

"नमुना चालू आहे," भालचंद्रराव हिंदीत मराठी मिसळून म्हणाले. "सैंपल पूरा होने दो."

"सैंपल!" शंकरजींनी बशी खाली ठेवली. "खां, तुम अपनी शादी में भी भाभी को तीन महीना होल्ड पे रखे थे क्या?"

"चार," आतून रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

वरून माऊसचा आवाज येत होता. टिकटिक, टिक, टिकटिकटिक, टिक. पूर्वीचे थांबे आता नव्हते. तेलात मोहरी उडावी तसा एकसारखा. भालचंद्ररावांच्या कानावर तो पडत होता आणि त्यांना तो आवडत होता. त्यांना वाटायचं, पोरगं कामाला लागलंय.

पण अडतीस हजार जुलैअखेर पुरे झाले नाहीत. एकतीस तारखेला सकाळी आशय खाली आला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

"त्र्याऐंशी हजार झालेत. अरविंदजींना आज सांगायचंय. आता तरी रेट बघा, बाबा."

"बघू. सांग."

"पाच पूर्णांक एक."

भालचंद्ररावांचा हात वहीवर थांबला. सातवरून पाचवर. पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही, तपासनीसाने हलू द्यायचा नसतो. सूर लागला. "आठशेतीस गठ्ठेss, वर्गमूळ अठ्ठावीस पूर्णांक आठ. शंभर भागिले, साडेतीन. दुप्पट सात." खालचं टोक उणे दोनच्या जवळ गेलं, वरचं बारावर.

"रिजेक्ट म्हणा," आशय म्हणाला. "चालेल मला. खरंच चालेल."

"रिजेक्ट कसं म्हणू? पाच चांगला असं तूच म्हणालास. वरचं टोक बारावर आहे. चांगला माल रिजेक्ट करणं हेही तितकंच चूक."

"मग पास म्हणा."

"खालचं टोक बघ ना रे."

रत्नप्रभाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "अहो, तो मुलगा आहे तुमचा. लॉट नाही. जा म्हणा, नाहीतर राहा म्हणा. मधलं काय ते?"

"मधलं म्हणजे पुरावा अपुरा, रत्ना. मी काय करू? आकडा बोलत नाहीये."

"तो नाही बोलत तर तुम्ही बोला!"

भालचंद्ररावांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. त्यांना पोराला मिठीत घेऊन सांगावंसं वाटलं की जा बाबा मंडीदीपला, पगार येतो, झोप येते. आणि तितक्याच जोराने वाटलं की नको जाऊस, तुझ्यात आहे ते. हे दोन्ही वाटणं त्यांनी बाजूला ठेवलं. वाटण्यावरून त्यांनी कधी चिठ्ठी लावली नव्हती.

"सतरा हजार राहिलेत," ते म्हणाले. "लाख पुरे होऊ देत. होल्ड."

आशयने त्यांच्यासमोरच फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता.

"सर, वो मैं कह रहा था... अभी थोड़ा टाइम और..."

"थोड़ा मतलब?" अरविंदजींचा आवाज. "बेटा, लाइन कल चालू है. हाँ या ना?"

"सर, अभी हाँ भी नहीं है और ना भी नहीं है."

 मग, "वऱ्हाडपांडे, ये कोई जवाब है?" आणि फोन बंद. भोपाळात कोणालाही न जमलेलं ते आडनाव सबंध उच्चारणारा मंडीदीपला एक माणूस होता, आणि त्याने ते शेवटचं उच्चारलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. एका दुपारी आशय नेहमीप्रमाणे बसला तर पडद्यावर टेबलंच नव्हती. एक निळी पाटी होती. तिच्यावरचं तो खाली येऊन वाचून दाखवायला लागला, बँकेतल्या काउंटरवर बोलतात तशा आवाजात. "प्रिय ग्राहक, रोख रकमेची सर्व टेबले बंद करण्यात आली आहेत. आपली शिल्लक सुरक्षित आहे. कृपया ती काढून घ्यावी. आपल्या सहकार्याबद्दल..." इथे त्याचा स्वतःचा आवाज आला. "संपलं, बाबा."

"किती झाले होते?"

"एक्याण्णव हजार चारशे."

"आठ हजार सहाशे राहिले," भालचंद्रराव म्हणाले, आणि म्हणाल्याबरोबर त्यांना कळलं की हे आता म्हणायचं नव्हतं.

संध्याकाळी शंकरजींनी चहा घेतला, बातम्या पाहिल्या आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. जाताना दारात एवढंच म्हणाले, "अच्छा छोरा है, खां." त्या न मारलेल्या टोमण्याने भालचंद्ररावांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते ती सगळी नोंद घेऊन बसले. त्यांना वाटलं, लाख नाही तर नाही, आहे त्यातूनच काही बोलवता येईल. महिन्यावार गठ्ठे पाडले, आठवड्यावार पाडले. एकूण रेट चार पूर्णांक चारवर आला होता. पण त्यांच्या डोळ्यांना वेगळंच दिसलं. जूनच्या मध्यापर्यंत रेघ चढत जाते आणि तिथून तिचा कणा मोडतो. बासष्ट हजारांपर्यंत सात पूर्णांक चार. त्यापुढचे सगळे हात एकत्र धरले तर उणे दोन.

त्यांनी वर हाक मारली. "आशय! जूनमध्ये काही बदललंस का?"

आशय जिन्यात आला. "टेबलं."

"टेबलं म्हणजे?"

"आधी एका वेळी दोनच टेबलांवर खेळायचो. मग चारवर. कधी सहा. जुलैअखेर लाख करायचे होते ना."

भालचंद्ररावांनी वही मिटली. कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. लेथचा वेग वाढवला की कातल्या जाणाऱ्या तुकड्यावर रेघा उठतात. आणि दोन वेगवेगळ्या सेटिंगचे नग कधीही एका नमुन्यात मिसळायचे नसतात, शिकाऊ मुलालासुद्धा ठाऊक असतं. दीड महिना तो आवाज त्यांच्या डोक्यावर वाजत होता. थांबे गेले होते, मोहरी तडतडत होती, आणि ते खाली बसून कॅलेंडरवर आकडे लिहीत होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही फक्त किती झाले तेच विचारायचात, बाबा." तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं. एक तास खेळलं की मागचा डाव आठवायचा नाही. टिपा लिहायला वेळच नाही. पण मध्ये रेट सांगायचा नाही असं ठरलं होतं."

सप्टेंबरात आशयला करोंदला काम लागलं. मंडीतल्या एका धान्य व्यापाऱ्याकडे आलेल्या ट्रकांच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. मंडीदीपच्या निम्म्या पगारावर. सुमनताई भेटल्या तेव्हा रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "डेटाचंच आहे, पण आता बाहेर जावं लागतं," आणि विषय बदलला. वरच्या खोलीला कुलूप नव्हतं, पण त्या झाडायलाही तिथे जाईनाशा झाल्या.

भालचंद्रराव रोज सकाळी पोराबरोबर हमरस्त्यापर्यंत चालायला लागले. निमित्त फिरण्याचं. पहिल्या आठवड्यात बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ट्रकांबद्दल बोलले. सोयाबीनमध्ये ओलावा कसा लपवतात यावर आशय छान बोलायचा. व्यापाऱ्याची नक्कल पण करायचा. "माल तो सोना है भैया, थोड़ा गीला सोना है." भालचंद्रराव हसायचे. मग पुढच्या वळणापर्यंत चपलांचाच आवाज.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी स्टॉपवर दोघंच होते. भालचंद्ररावांनी रात्रभर शब्द जुळवले होते.

"आशय. तू पास होतास."

आशयने मान वळवून पाहिलं. "काय?"

"त्या खेळात. तू चांगला होतास. मी घोळ घातला. पास होतास तू."

 आशयच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं आणि मग, पेटलेली काडी वाऱ्यात धरावी तसं, सांभाळलं गेलं नाही.

"कशावरून?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"कशावरून पास, बाबा? पहिले बासष्ट हजार वेगळे धरले तरी खालचं टोक उणे शून्य पूर्णांक सहा आहे. तुम्हीच काढलंय. पुढचे तर मोजायच्याच लायकीचे नाहीत, ते चार टेबलांचे आहेत. तुम्ही म्हणाला होतात ना, मनाने नाकारून चालत नाही. मग मनाने मान्य करून कसं चालेल?"

"मी तुझ्या टिपा वाचल्या होत्या रे," भालचंद्रराव म्हणाले. "असं लिहिणारा माणूस..."

"टिपा बरोबर लिहिणारा माणूसही हरू शकतो. नोकरीत असताना तुम्ही एक तरी लॉट टिपांवर पास केलात?"

भालचंद्ररावांनी खोटं बोलायचा विचार केला. सवय नसल्यामुळे तो त्यांना वेळेवर जमला नाही.

"नाही," ते म्हणाले.

"मग राहू दे." आशयने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला कळायला हवं होतं, बाबा. पैसे नको होते, काही नको होतं. एकदा कळायला हवं होतं की मी आहे का चांगला. आता ते कुठूनच कळणार नाही. उगाच शिक्का नका मारू."

बस आली. गर्दी नव्हती, त्याला खिडकी मिळाली. भालचंद्ररावांना वाटलं, तो बाहेर बघेल, तर आपण हात करू. त्याने फोन काढला आणि डोकं खाली घातलं. बस वळणापलीकडे गेली तरी ते उभेच राहिले. मागून आलेल्या एका रिक्षावाल्याने वेग कमी करत विचारलं, "पांडे जी, घर चलोगे?"

भालचंद्ररावांना हो म्हणायचं होतं का नाही म्हणायचं होतं, ते त्यांनाच ठरवता येईना. रिक्षावाला थोडा थांबला आणि निघून गेला.